लेकीची पाठ आणि माझा पाय

माझा जन्म पायाकडून झाला. डोकं आधी यायचं तिथे माझे तळवे आले. अशा माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात, आणि पायाळूने पाठीवरून पाय फिरवला की उसण जाते, हे वळसंगच्या बाजूला आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोतं उचलताना कुणाच्या कंबरेत कळ भरली, वाकलेला माणूस सरळ होईना, की लोक बामाची बाटली शोधायच्या आधी मला शोधायचे. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. खेळातून उचलून न्यायचे, पालथ्या पडलेल्या एखाद्या दांडग्या गड्याजवळ उभी करायचे आणि म्हणायचे, फिरव पाय.

पद्धत ठरलेली होती. दुखणेकऱ्याने काही न खाता यायचं. मी उजवा पाय कंबरेपासून मानेपर्यंत तीनदा फिरवायचा, तिसऱ्यांदा दुखऱ्या जागेवर टाच दाबायची. तोवर कुणी बोलायचं नाही. मग उठता उठता दुखणेकऱ्याने एकच शब्द म्हणायचा, 'गेली.' उसण गेली. हा शब्द म्हटला नाही तर पायाळूच्या पायाचा गुण जातो, अशी समजूत. त्यामुळे माझ्या पायाखालून उठलेल्या एकाही माणसाने 'नाही गेली' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. इतकी वर्षं मी याला माझ्या पायाचा गुण समजत होते.

लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, मी घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकलं. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, फॉल-पिको. पायाळू असल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गावाकडची एक पाहुणी बोलून गेली आणि गल्लीत झालं. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून बसायचं, मग पाठ दुखेल नाही तर काय होईल? त्या सकाळी सकाळी यायच्या, कापलेल्या कापडाचे गठ्ठे मी बाजूला सारायचे, आणि त्या फरशीवर पालथ्या पडायच्या. शिलाईपेक्षा पायाचं नाव जास्त झालं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. ब्लाऊज बिघडला तर बाई चार शब्द ऐकवते. पाठ बिघडलेली बाई 'गेली' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा आणून देते.

मला एकच लेक. तेव्हा ती चौदा वर्षांची, आठवीत. अंगाने काटकुळी, पण उंची अशी झपाट्याने वाढत होती की जूनमध्ये मीच शिवलेला तिचा गणवेश दसऱ्याला आखूड झाला. तिला खो-खोचं वेड. नुसतं वेड नाही, ती खेळायची चांगली. सूर मारण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. सूर मारायचा म्हणजे पळणारा गडी निसटतोय असं दिसलं की अंग झोकून द्यायचं आणि पालथं पडता पडता त्याला शिवायचं. पोट जमिनीवर आपटतं, छाती वर राहते आणि कंबर मागच्या मागे मोडल्यासारखी वाकते. त्यांचे खेळाचे सर सकाळच्या सरावात असे तीस-तीस सूर मारायला लावायचे. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात ती राखीव होती. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. या वर्षी आपण आत खेळणार, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

गणपती उठले त्या आठवड्यात ती पहिल्यांदा म्हणाली, "आई, पाठ दुखायलीय." मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, मोबाईल बाजूला ठेव, आपोआप थांबेल. चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी दप्तराला दोष दिला. दप्तर उचलून पाहिलं, खरंच जड होतं. शाळेला, सरकारला, पुस्तकं छापणाऱ्याला शिव्या घातल्या आणि मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिची सहामाही परीक्षा तोंडावर होती, आणि मी म्हटलं, "अभ्यासाला बसलं की बरी पाठ दुखते गं तुझी. मैदानावर न्हाय का दुखत?"

ती वही उघडून बसली. मैदानावरच जास्त दुखत होतं. सांगितलं असतं तर मी मैदान बंद केलं असतं, हे तिला माहीत होतं. मला आता हे सगळं लख्ख दिसतं. तेव्हा मला फक्त आळशी पोर दिसत होती.

तरी आईच मी. एका रविवारी सकाळी तिला नहाणीघरातून बादली उचलताना पाहिलं. पाठ न वाकवता, गुडघे टेकून, भिंतीला हात धरून ती बादली उचलत होती.  विचारलं कुठे दुखतंय, तर तिने कंबरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, एक बोट ठेवलं. एकच बोट, एकाच जागी. मोठी माणसं पाठ दुखते म्हणताना अख्खा हात फिरवतात. हिने बोट ठेवलं. हा फरक ओळखायला डॉक्टरकी लागत नाही, पण मी काय केलं? मी म्हटलं, उसण आहे. आणि म्हटलं, अगं, घरात पायाळू असताना तू दोन महिने दुखणं अंगावर काढलंस!

तिला पालथी पाडली. ती यायला कुरकुरत होती, हे आठवतं. तीनदा पाय फिरवला. तिसऱ्यांदा तिने बोट ठेवलेल्या जागी टाच दाबली. तिच्या दोन्ही मुठी वळलेल्या मला दिसल्या. लागतं थोडं, असं मी मनात म्हटलं, सगळ्यांनाच लागतं. दारात विडीवाल्या दोघी आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. लेक उठली, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "गेली."

मी त्या दोघींकडे बघितलं. काय तोरा होता माझा त्या दिवशी! पुढचे कितीतरी दिवस दुकानात येईल त्याला मी सांगत होते, माझ्या पोरीची दोन महिन्यांची उसण मी एका सकाळी घालवली.

त्यानंतर तिने पाठीचं नाव काढलं नाही. मी खूश. ती जमिनीवर बसायची बंद होऊन पलंगाच्या कडेला टेकून जेवायला लागली, ते मी मोठेपणाचं लक्षण धरलं. वर्गात बाकावरून उभी राहायला वेळ लावते म्हणून बाईंनी वहीत शेरा लिहिला, त्यावर मी सही केली आणि वर दोन शब्द तिलाच सुनावले. सराव एक दिवस चुकला नाही. तिचे वडील म्हणायचे, पोरगी बारीक झालीय. मी म्हणायचे, खेळाडू असेच असतात.

संक्रांतीनंतर तालुक्याच्या स्पर्धा होत्या. मी सहसा जात नाही, त्या दिवशी दुकान बंद ठेवून गेले. दुसऱ्या डावात तिने खांबाजवळ सूर मारला, गडी बाद झाला, पोरींनी आरडाओरडा केला. सगळ्या उठल्या, ही उठली नाही. पालथी पडून होती, गाल मातीला लावून, डोळे उघडे. सर धावले. मी पोहोचले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, पाय नको लावू."

ते वाक्य मला तेव्हा समजलंच नाही. मला वाटलं, चार लोकांत नको म्हणतेय.

मग सुरू झाली धावाधाव. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वर धरून बघितला आणि म्हणाले, हाडं उत्तम आहेत, वाढीचं वय आहे, स्नायू आखडलेत. मलम आणि गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. मोहोळच्या बाजूला एक मालीश करणारी बाई असते, तिच्याकडे नेलं. तिने पाठीवर गुडघा ठेवून असं काही मागे खेचलं की लेकीने ओठ दाताने फोडून घेतला. शेक दिला, एरंडाची पानं बांधली, गादी काढून सतरंजीवर झोपवलं, पुन्हा गादी घातली. दृष्टही काढली. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं पाळी सुरू झालीय ना, मग असंच असतं. सर म्हणाले, थोडा मनाचा भाग असतो हो, निवड जवळ आली की पोरी घाबरतात. मनाचा भाग! त्या माणसाच्या तोंडावर मी काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण घरी येऊन मीच लेकीला विचारलं, खरं सांग, दुखतं का खरंच?

माझा माझ्यावरचा ताबा सुटत चालला होता. गणवेशाच्या बाह्या मी उलट्या जोडत होते. एका पोराची चड्डी दुसऱ्याच्या मापाची कापली. पोर भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेली, परीक्षा समोर, आणि मी, अख्ख्या गल्लीच्या पाठी बऱ्या करणारी, एका पाठीपुढे हात टेकून बसलेली. पाय फिरवण्याचं मात्र मी पुन्हा काढलं नाही. खरं तर मला भीती वाटत होती की या वेळी ती 'गेली' म्हणाली नाही तर काय.

शेवटी शाळेतल्याच एका शिक्षिकेने हाडांच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बसलो होतो. आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, तुम्ही नंतर, आधी तिला बोलू दे. मला राग आला. आजवर सगळ्या डॉक्टरांना मीच सांगत आले होते, केव्हापासून, कुठे, किती.

त्यांनी तिला एका पायावर उभं केलं आणि तसंच मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर ती वाकली. डाव्या पायावर उभी राहून वाकायला गेली आणि तिचा चेहरा असा आवळला की मी खुर्चीतून उठले. बाईंनी हाताने मला थांबवलं. दोन दिवसांनी मोठ्या मशीनमधून काढलेल्या फोटोंवर पेनचं टोक ठेवून त्यांनी दाखवलं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक बारीक दांडा असतो. तो डाव्या बाजूला चिरला होता. पडल्यामुळे एकदम नाही, पुन्हा पुन्हा मागे वाकून वाकून, थोडा थोडा. साध्या एक्स-रेत अशी चीर सुटू शकते. या वयात हाड अजून कोवळं असतं, उंची भराभर वाढत असते, खेळ जोराचा असतो, आणि घरचे म्हणतात की लहान पोराची कुठे पाठ दुखते. त्या म्हणाल्या, "मोठ्यांची पाठ दुखली तर आठ-पंधरा दिवस वाट बघितलेली चालते एक वेळ. खेळणारं पोर महिना महिना एकाच जागी बोट ठेवत असेल तर त्याचं खरं मानायचं आणि दाखवायचं."

मग लेकीला विचारलं, कधीपासून?

"गणपतीपासून."

मी मध्येच बोलले, नाही हो, मध्ये थांबलं होतं, नोव्हेंबरात गेलं होतं पूर्ण, ते पुन्हा आता जानेवारीत उपटलं. लेक खाली बघत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, गेलं होतं?

"न्हाय," ती म्हणाली. "एक दिवस पण न्हाय."

मग तू गेली का म्हणालीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, दवाखान्यात आहे हे विसरले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारात त्या बायका हुत्या की. न्हाय म्हणले असते तर तुझा पाय खोटा पडला असता."

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. पायाळू, पाय फिरवणं, टाच. माझ्या आयुष्यात त्याची मला पहिल्यांदा लाज वाटली. मी विचारलं, माझ्यामुळे चिरलं का? त्या म्हणाल्या, नाही, चीर सूर मारून मारून पडली, तुमच्या टाचेने नाही. पण ते महिने गेले. तेव्हाच खेळ थांबवला असता तर आतापर्यंत जुळूनही आलं असतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. मला मात्र पुढे कित्येक दिवस माझ्या उजव्या टाचेखाली काहीतरी कोवळं असल्यासारखं वाटत राहायचं. मशीनचं पायडल दाबायचं तर मी डावा पाय वापरू लागले.

तीन महिने खेळ बंद. पळणं नाही, उड्या नाहीत, मागे वाकणं तर नाहीच. पण पडून राहायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. चालायचं, आणि दुखणं कमी झालं की पोटाचे, मांडीमागचे व्यायाम करायचे. कंबरेला कडक पट्टा. मार्च, एप्रिल, मे. सोलापूरचा मे आणि त्यात कंबरेला पट्टा! दुपारी पंखा गरम हवा ढवळत असायचा, पट्ट्याखाली तिला घामोळं यायचं, मी ओल्या फडक्याने पुसून आतून जुन्या मऊ साडीचं अस्तर शिवून दिलं. माझ्याकडून तिला झालेला तेवढाच उपयोग. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी सतत विचारत होते, आता कसं वाटतं, आता? ती म्हणायची, बरंय. ते ऐकून माझा जीव जास्तच घाबरायचा, कारण तिच्या 'बरंय'वर विश्वास कसा ठेवायचा हे मला माहीत नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, बरं नसेल तर तसं सांग ना. ती म्हणाली, "सांगितलंवतं की. तीनदा."

 मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि भाजी करपली.

व्यायाम ती करायची, पण त्यातही जीव नसायचा. चटईवर उताणी पडून, गुडघे दुमडून, पोट आत ओढून धरायचं. मग हातांवर आणि गुडघ्यांवर रांगती होऊन एक हात पुढे, उलट्या बाजूचा पाय मागे, आणि पाठ हलू द्यायची नाही. खिडकीतून शाळेच्या मैदानाचा आवाज यायचा. सरांची शिट्टी वाजली की ती आकडे विसरायची आणि पुन्हा एकपासून मोजायची. संघातल्या पोरी आधी रोज यायच्या, मग आठवड्याला, मग नाही. एक दिवस ती म्हणाली की खांबाशेजारी आता दुसरीच पोरगी बसते. जिल्ह्याची निवड जूनमध्ये होती, आणि तिचे तीन महिने निवडीच्या चार दिवस आधी भरत होते. कॅलेंडरवर तिने खुणा केल्या नव्हत्या, पण ती तेच मोजत होती आणि मीही.

मेच्या शेवटी गल्लीतली एक विडीवाली सकाळी दारात आली, कंबरेवर हात ठेवून, वाकलेली. अक्का, पाय फिरव, म्हणाली. मी म्हटलं, मी सोडलंय. तिला वाटलं मी शेफारले. "तुज्या पोरीला बरं केलीस की," ती म्हणाली, "आमाला का न्हाय?"

लेक आतल्या खोलीत चटईवर होती. दार उघडंच होतं. मी शिवत होते तो कपडा बाजूला ठेवला आणि त्या बाईला म्हटलं, "न्हाय केलं बरं. तिचं हाड चिरलंवतं आन् मी त्याच्यावर टाच दाबली. ती दुखतंय म्हणाली तवा मी ऐकलं न्हाय." बाई उभीच राहिली. मग मी तिला खुर्ची दिली, पाय बधिर होतो का विचारलं, सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. ती काही खूश झाली नाही. तिला पाय हवा होता, पत्ता नको होता. पण त्या दिवसापासून दुकानात पालथं पडायला कुणी आलं नाही, आणि गुळाचा डबा रिकामाच राहिला.

 थोड्या वेळाने लेक पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा तिने मला विचारलं, चहा टाकू का? एवढंच.

जूनमध्ये आम्ही पुन्हा त्या दवाखान्यात गेलो. निवड चार दिवसांवर. तिने मुद्दाम शाळेचा खेळाचा टी-शर्ट घातला होता. वाटेत रिक्षात ती बडबडत होती, कितीतरी महिन्यांनी. सर म्हणालेत चाचणीला नुसती ये, दोन-तीन सूर दाखव, बाकी मी बघतो. दुखत नाही आता अजिबात, असंही म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला काहीच कळत नव्हतं. मीच जन्म दिलेल्या पोरीचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे वाकवलं, बाजूला वाकवलं, पोटाची ताकद बघितली आणि शाबास म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता डाव्या पायावर उभी राहा आणि हळू मागे वाक. ती उभी राहिली. वाकली. चेहरा हलला नाही. पूर्ण वाकली, तशीच थांबली आणि सरळ झाली. बाई म्हणाल्या, "दुखतं?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. आणि जे माझ्या मनात आलं ते मी कुणाला सांगितलं नसतं, पण इथे सांगते. मी मनात म्हणत होते, नाही म्हण गं बाई. गेली म्हण. एकदा म्हण.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "थोडं," ती म्हणाली. मग बोट मागे नेऊन त्याच जागेवर ठेवलं. "न्हाय गेली अजून."

बाईंनी आणखी दीड महिना लिहून दिला. जुळत आलंय, म्हणाल्या, घाई करायची नाही, पुढच्या वर्षी खेळशील. पुढचं वर्ष म्हणजे दहावी. लेकीने मान डोलावली, चिठ्ठी घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर बसून ती रडली. मी शेजारी बसले. ती एवढ्या जोरात रडली की पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं, ते मी पुन्हा लावून दिलं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "खरं सांग, तुला काय वाटत होतं, मी काय म्हणावं?"

खोटं सांगावंसं वाटलं. फार वाटलं. पण आत्ताच तिने जे केलं होतं ते मी बघितलं होतं.

"गेली म्हणावंस," मी म्हटलं.

"म्हाईत हुतं मला," ती म्हणाली. "म्हणून तुझ्याकडं बघितलं न्हाय."

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून, पाठ न वाकवता, सावकाश स्वतःला उभं केलं, आणि आम्ही रिक्षा शोधायला निघालो.